नळाच्या पाण्यालाही कायदा हवा

जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘गियाँ-बारे’ या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक आढळू लागले, तेव्हा संशयाची सुई पाण्याकडे वळली. नांदेड, किरकटवाडी ही गावे 2021 मध्ये महापालिकेत आली. कर आले, बांधकामे तर आधीपासूनच होती. जलशुद्धीकरण केंद्र मात्र आले नाही. विहिरीत खडकवासला धरणाचे पाणी घ्यायचे, क्लोरीन टाकायचे आणि नळाला सोडायचे, हीच तिथली व्यवस्था होती. साथ आल्यावर पालिकेला खासगी आरओ प्रकल्प आणि टँकर दिसले. त्यांच्यावर कारवाई झाली, ती योग्यच. पण लोक त्यांच्या दारात का गेले?

पिण्याच्या पाण्यासाठी ‘आयएस 10500’ हे भारतीय मानक आहे. 100 मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय जिवाणू आढळता कामा नये, असे ते सांगते. मात्र नळाने पाणी पुरवणाऱ्या संस्थांसाठी हे मानक ऐच्छिक आहे! बाटलीतले पाणी विकणाऱ्याला परवाना, तपासणी आणि दंडाचा धाक. पाणीपट्टी घेणारी पालिका मात्र मोकळी. 2019 मध्ये केंद्राने दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांतील नळाच्या पाण्याचे नमुने तपासले, त्यात मुंबईचे सर्व नमुने मानकात बसले आणि दिल्लीचे नापास झाले. म्हणजे नळाने शुद्ध पाणी देणे अशक्य नाही.

राज्य सरकारने हे मानक नागरी संस्थांना बंधनकारक करावे, प्रभागनिहाय अहवाल जाहीर करण्याची सक्ती करावी आणि तपासणीचे काम पाणी पुरवणाऱ्या खात्याच्या हाती ठेवू नये.