श्वास मोजा, तासही मोजा
ताण आला की ‘माइंडफुलनेस’ करा, हा सल्ला आता कुंभवली नाक्यावरच्या कामगाराच्या मोबाइलवरही येतो. अमेरिकेत 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखणी सोसणाऱ्या रुग्णांसाठी असे वर्ग सुरू केले. त्याचा उपयोग मी नाकारत नाही. लक्ष एका जागी ठेवलं की मन थाऱ्यावर येतं, हे नमाज पढणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पण तारापूर एमआयडीसीतला ताण मनातून कमी, कामातून जास्त येतो. 11 जानेवारी 2020 ला इथल्याच एका केमिकल कारखान्यात स्फोट होऊन माणसं मेली. रिॲक्टरजवळ डबल ड्यूटी करणाऱ्याला भीती वाटली, तर त्यात त्याच्या मनाचा काय दोष? 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ‘बर्नआउट’ची व्याख्या कामाच्या ठिकाणाशीच जोडली.

1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याला 48 तास आणि जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवली. हा हक्क सोडून देणं म्हणजे सब्र नव्हे. म्हणून दोस्तांनो, ओव्हरटाइमचा हिशेब रोज वहीत लिहा. सेफ्टी ड्रिलची मागणी चार-पाच जणांनी मिळून करा. एकट्याला गेट दाखवणं सोपं असतं.