मारणाऱ्याचं पुढे काय झालं?

‘गेम आणि मारामारीच्या सिनेमांनी पोरं बिघडली’ हे वाक्य आपल्या घराघरांत ऐकू येतं. मला ते अर्धवट वाटतं. हिंसा पाहिल्याने मनावर काय परिणाम होतो, हे मानसशास्त्र साठ वर्षांहून अधिक काळ तपासत आलं आहे, आणि त्याचं उत्तर इतकं सोपं नाही.

अमेरिकेत अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ साली एक प्रयोग केला. एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बडवतो आहे, हे बालवाडीतल्या मुलांना दाखवलं. नंतर अनेक मुलांनी तसंच केलं. हा प्रयोग पुष्कळांना माहीत असतो. मला त्यांचा १९६५ चा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यात फिल्मचे तीन शेवट होते : मारणाऱ्याला बक्षीस, मारणाऱ्याला शिक्षा किंवा दोन्ही नाही. शिक्षेचा शेवट पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण ‘तसं करून दाखव, खाऊ देतो’ म्हटल्यावर हा फरक उरला नाही. म्हणजे मारायचं कसं, हे सगळीच मुलं शिकली होती. ते आपणहून करायचं की नाही, हे मारणाऱ्याचं पुढे काय झालं यावर ठरत होतं.

आणखी दोन गोष्टी अभ्यासकांनी सांगितल्या. सतत हिंसा पाहून मन निबर होतं. आणि जॉर्ज गर्बनर यांच्या मते, टीव्हीवर ती रोज पाहणाऱ्याला जग आहे त्याहून धोकादायक वाटू लागतं. गेमबद्दल मात्र अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये बजावलं की ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी त्यांचा थोडा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही.

म्हणून मला गेमपेक्षा मोबाइलवर फिरणाऱ्या खऱ्या मारहाणीच्या व्हिडिओंची काळजी वाटते. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा व्हॉट्सॲपवर पसरल्या आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठेचून मारलं. गर्बनर म्हणतात ती भीती हीच. त्याच महिन्यात झारखंडमध्ये, रामगढच्या झुंडबळी प्रकरणात दोषी ठरून जामिनावर सुटलेल्यांना एका केंद्रीय मंत्र्यांनी हार घातले. नंतर त्यांनी खेद व्यक्त केला, पण हारांचा फोटो देशभर पोचला होता. बांडुरांच्या भाषेत हा बक्षिसाचा शेवट.

राईनपाड्याच्या खटल्यात २०२४ मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. माझ्या एकाही ग्रुपवर ही बातमी आली नाही. मारहाणीच्या क्लिपा मात्र येतातच, ‘बघा, आपल्यावर काय वेळ आलीय’ अशा ओळीसह. पाठवणाऱ्याचं दुःख खरं असतं. पण ती क्लिप आपल्या धाकट्या भावाला घाबरवते, निबर करते किंवा बदल्याची भाषा शिकवते. आणि मारणाऱ्याला हवी असते ती प्रसिद्धीही देते.

अन्यायाबद्दल गप्प बसा, असं माझं म्हणणं नाही. व्हिडिओ पुरावा असेल तर तो वकिलाकडे, पोलिसांकडे, पत्रकाराकडे द्या. ग्रुपवर मात्र खटल्याची तारीख टाका, निकाल टाका, जमावासमोर उभं राहून कुणाला वाचवणाऱ्या माणसाची गोष्ट टाका. आपल्यातल्याच कुणी हाणामारीची रील टाकली, तर तिला लाईक देऊ नका. तेही छोटं बक्षीसच असतं.