अ‍ॅपचा ‘यूजर’ कोण? आई की मुलगा?

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्या धंद्यात कुठलंही फीचर बनवण्याआधी एक प्रश्न विचारतात: यूजर कोण? घरी एकट्या राहणाऱ्या थकलेल्या म्हाताऱ्यांची ‘लांबून काळजी’ घेणारी जी अ‍ॅप्स आणि पॅकेजेस विकली जातात, त्यातल्या बहुतेकांचं उत्तर सरळ आहे. यूजर म्हणजे बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत बसून पैसे भरणारा मुलगा. पुण्यातल्या फ्लॅटमधली आई फक्त डेटा पुरवते. बीपी, शुगर, पावलं, हॉलमधल्या कॅमेऱ्याचं फुटेज. डॅशबोर्ड हिरवा दिसला की मुलगा निर्धास्त.

वर या सगळ्याला ‘पर्सन-सेंटर्ड केअर’ म्हणायचं, याला माझा आक्षेप आहे. टॉम किटवुड या ब्रिटिश अभ्यासकाने १९९७ साली ‘डिमेन्शिया रीकन्सिडर्ड’ या पुस्तकात आग्रह धरला होता, की आजाराआधी माणूस बघा. आपण माणसाआधी आकडे बघतोय.

आकडेही अर्धेच. लिंडा फ्राइड आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘फ्रेल’ माणूस ओळखायच्या पाच खुणा सांगितल्या: नकळत वजन घटणं, थकवा, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. तीन किंवा जास्त दिसल्या तर माणूस फ्रेल. पावलं घड्याळ मोजेल. पण थकवा? तो त्या अभ्यासातही माणसाला विचारूनच नोंदवला होता. विचारायला कुणीतरी बोलावं लागतं, आणि नेमकं तेच डॅशबोर्डवर नसतं.

दुसरा मुद्दा संमतीचा. आपल्याकडे टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२० मध्ये आली. पेशंटने स्वतः डॉक्टरला कॉल लावला तर संमती गृहीत धरतात. काळजी घेणाऱ्याने लावला तर स्पष्ट संमती लागते. दहा मिनिटांच्या कॉलला एवढा नियम. आणि चोवीस तास चालणाऱ्या कॅमेऱ्याला? ‘अगं आई, तुझ्यासाठीच बसवलाय’ एवढं पुरतं!

तुम्ही म्हणाल, मग काय नोकरी सोडून घरी येऊन बसू? अजिबात नाही. दुखरे गुडघे घेऊन तीन जिने न उतरता डॉक्टर भेटतो, ही मोठी सोय आहे. माझं भांडण तंत्रज्ञानाशी नाही, त्याचा ताबा कुणाकडे आहे याच्याशी आहे.

कॅमेरा बंद करायचं बटण आईच्या हातात द्या. कोण काय बघतंय, ते तिला मराठीत, मोठ्या अक्षरांत दिसू दे. दर महिन्याला नवी केअरटेकर पाठवू नका. आंघोळ सकाळी सहाला की दहाला, हे तिलाच विचारा. ती ‘आज नको’ म्हणाली, तर तिचा निर्णय म्हणून नोंदवा. लाल अलर्ट करून मुलाला पाठवू नका.

यातलं कोडिंग अवघड नाही. बरंचसं काम परवानग्या आणि डीफॉल्ट सेटिंग्ज बदलायचं आहे. अडतं ते विक्रीत, कारण बटण आईकडे गेलं की पैसे भरणाऱ्याचा डॅशबोर्ड कधीकधी रिकामा दिसेल. दिसू दे. तेव्हा फोन लावा आणि विचारा, ‘आज थकलीस का गं?’