अंतर हेच उपकरण

मार्च 2020 मध्ये महासाथीमुळे शाळांची दारे बंद झाली आणि त्याच वर्षीच्या जूनपासून ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील माध्यमिक विद्यार्थ्यांचा विज्ञानाचा तास मोबाइलच्या वीतभर पडद्यावर भरू लागला, तेव्हा ज्या घरात असे एकच यंत्र होते आणि तेही दिवसा वडिलांबरोबर कामावर जात असे, त्या घरातील मुलाचा अभ्यास रात्री जेवणे आटोपल्यावरच सुरू होई. शहापूर-मुरबाडकडील पाड्यांवर तर रेंजसाठी उंचवटा शोधत हिंडावे लागे. शहरांतील आठवी ते बारावीचे वर्ग 4 ऑक्टोबर 2021 रोजी पुन्हा भरले. त्या काळातील गैरसोयींची चर्चा पुष्कळ झाली. परंतु विज्ञानशिक्षणाने त्यात काय गमावले आणि काय मिळवले, याचा जमाखर्च आपण अद्याप नीट मांडलेला नाही.

गमावले ते प्रथम सांगतो. दहावीच्या पाठ्यपुस्तकात भिंगांचा पाठ आहे. त्यातील बहिर्गोल भिंग हाती घेऊन, खिडकीबाहेरच्या दूरच्या इमारतीची उलटी प्रतिमा भिंतीवर पाडण्यासाठी ते मागे-पुढे सरकवताना, प्रतिमा कोठे स्पष्ट झाली याविषयी शेजारच्या मुलाशी जो वाद होतो, तो वाद हेच विज्ञानाचे पहिले शिक्षण होय. बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोडमागची चित्रफीत हा प्रयोग सुबकपणे दाखवते. परंतु तिच्यात प्रतिमा प्रत्येक वेळी ठरल्या जागीच उमटते, आणि जेथे चुकण्यास अवकाश नाही तेथे निरीक्षणासही अवकाश उरत नाही. म्हणून अंदाजपत्रकात डिजिटल वर्गखोलीसाठी तरतूद करणाऱ्या प्रत्येक शिक्षणखात्याने, त्याच शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या पुरेशा आहेत काय आणि प्रयोगशाळा सहायकाची जागा भरलेली आहे काय, याची तपासणी आधी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावरून मी यंत्राचा विरोधक आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी टॅबलेट, प्रोजेक्टर आणि सौरऊर्जा यांच्या साहाय्याने जे उभे केले, त्याचे अनुकरण राज्यभर झाले, ते योग्यच झाले. माझा प्रश्न निराळा आहे: एका वर्गाला जे एकट्याने कधीच करता येणार नाही, असे काही हे दूरस्थ साधन माध्यमिक शाळेतील विज्ञानात करू शकते काय? करू शकते, आणि त्याचे उदाहरण दरवर्षी आपल्या डोक्यावरून जाते.

मे महिन्याच्या मध्यास ठाणे-कल्याण परिसरात सूर्य माध्यान्ही बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस हाच योग पुन्हा येतो, परंतु तेव्हा तो बहुधा ढगांत हरवतो. मे महिन्यातील योग निरभ्र आकाशात येतो खरा, पण त्या वेळी शाळांना सुट्टी असते आणि मुले गावोगावी पांगलेली असतात. हीच अडचण येथे उपयोगी पडते. डोंबिवलीचा एखादा विद्यार्थी त्या दिवशी घराच्या गच्चीवर मीटरभराची काठी उभी करील आणि कोल्हापुरास आजोळी गेलेला त्याचा वर्गमित्र तशीच काठी तेथील अंगणात रोवील. ठाण्याचा अक्षांश सुमारे 19.2 आणि कोल्हापूरचा सुमारे 16.7 असल्यामुळे, डोंबिवलीची सावली ज्या दिवशी लोपते त्या दिवशी कोल्हापूरची काठी मात्र तेथील माध्यान्ही दक्षिणेकडे सुमारे साडेचार सेंटिमीटर सावली टाकील. त्या सावलीवरून अडीच अंशांचा कोन निघतो. दोन्ही स्थानांतील दक्षिणोत्तर अंतर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर आहे. आणि एवढ्या सामग्रीवरून, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिसने योजिलेल्या युक्तीने, पृथ्वीचा परीघ 40 हजार किलोमीटरच्या आसपास येतो. आकडा थोडा चुकेल. सावली मोजण्यात मिलिमीटरभराची गफलत झाली तर उत्तर किती ढळते, हेही मुले शिकतील. दोघे एकाच वर्गखोलीत असते तर हा प्रयोग घडलाच नसता.

पावसाचेही तेच. जानेवारी 2014 मधील हिरवा पाऊस आणि फेब्रुवारी 2020 मधील औद्योगिक वसाहतीतला गुलाबी रस्ता डोंबिवलीकर विसरलेले नाहीत. स्वच्छ हवेतील पावसाचे पाणीही विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे किंचित आम्लधर्मी, म्हणजे सामू सुमारे 5.6 असलेले असते. डोंबिवलीच्या एमआयडीसीतील, घोडबंदर रस्त्यावरील आणि मुरबाडमधील विद्यार्थ्यांनी पहिल्या पावसाचे पाणी स्वच्छ भांड्यात धरून, दर्शक कागदाने तपासून, आपली नोंद एका सामायिक तक्त्यात भरली, तर पाठ्यपुस्तकातील आम्ल आणि आम्लारी यांचा संबंध त्यांच्या स्वतःच्या गावाशी जुळेल. अशा निरीक्षणाला महागडा पडदा लागत नाही. घरातील एकमेव मोबाइल रात्री पाच मिनिटे मिळाला तरी नोंद पाठवता येते.

दहावीच्या विज्ञानात प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनासाठी 20 गुण राखलेले आहेत. ठाणे व कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांच्या शिक्षण विभागांना आणि जिल्ह्याच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी एप्रिलमध्ये, नववीची परीक्षा संपताच, सावलीच्या प्रयोगाचे परिपत्रक शाळांना धाडावे, परगावी जाणाऱ्या मुलांची यादी वर्गशिक्षकांकडून मागवावी आणि या नोंदींना त्या गुणांत जागा द्यावी.