शिखरावरचे दगड काय सांगतात?

स्वारगेटहून बसने सिंहगडाच्या पायथ्याला उतरून गड चढू लागलो की वाटेत जागोजागी गोलसर धोंडे दिसतात. कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसे त्यांचे थर सुटत असतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला हा लाव्हा ऊन-पावसाने सोलला जातो. सह्याद्रीवर हिमनद्या कधी वाहिल्या नाहीत.

स्कॉटलंडमधला बेन नेव्हिस १,३४५ मीटर उंच, म्हणजे जवळपास सिंहगडाएवढाच. त्याच्या माथ्यावर मात्र टोकदार दगडांचा नुसता खच पडलेला आहे. अशा माथ्याला जर्मन भाषेत 'फेल्सनमेअर', म्हणजे खडकांचा समुद्र म्हणतात. खडकाच्या फटीत पाणी शिरते आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये तडकते, त्यातलाच हा प्रकार. हजारो वर्षे हेच घडत राहिले, की अख्खा माथा फुटून विखुरतो.

हिमनदी तर वाटेतले सगळे खरडून नेते. मग हे सुटे दगड जागेवर राहिले कसे? पूर्वी पुष्कळ अभ्यासक म्हणत, ही शिखरे हिमयुगात बर्फाच्या वर बेटांसारखी उघडी असावीत. पण वायव्य स्कॉटलंडच्या अशा माथ्यांवर दुसरीकडून आलेले धोंडेही सापडले. अवकाशातून येणाऱ्या किरणांचा खडकावर जो परिणाम होतो, तो मोजून ते धोंडे कधी उघडे पडले हे काढता येते. उत्तर आले सुमारे १५ ते १७ हजार वर्षे. म्हणजे शिखरेही बर्फाखाली होती, धोंडे बर्फानेच तिथे आणून टाकले होते. माथ्यावरचा बर्फ मात्र तळाशी खडकाला गोठून चिकटला होता, म्हणून त्याने खाली काही खरडले नाही.

बर्फाचा थर आधी वाटला होता त्याहून जाड निघाला. याच्याशी आपला काय संबंध? सुमारे २० हजार वर्षांपूर्वी जमिनीवर इतका बर्फ साचला होता की समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाचा बर्फ पुढे कसा वितळेल, हे सांगणारी गणिते अशा जुन्या पुराव्यांवर तपासली जातात. मुरूड, श्रीवर्धन, दापोलीच्या किनाऱ्यावर ज्यांची घरे आणि वाड्या आहेत, त्यांच्यासाठी हा लांबचा विषय नाही.

मुलांना डोंगरावर नेताना एवढे जरूर सांगावे: दगड ढकलू नका, त्यावर नावे कोरू नका. खाली कोणी चालत असेल, ही पहिली काळजी. शिवाय जागचा हललेला दगड आपली हकिगत पुन्हा सांगू शकत नाही.