जिद्द कोणाविरुद्ध?

अजिंक्य मनोवृत्तीला मराठीत ‘जिद्द’ म्हणतात. गौरवाच्या भाषणात, चरित्राच्या प्रस्तावनेत, शोकसभेत हा शब्द हमखास येतो. परंतु तो मूळचा गौरवाचा नाही, विरोधाचा आहे. आणि त्याचे हे मूळ पुसून टाकणाऱ्यांनी त्याचा अर्थच निःसत्त्व केला आहे.

अरबीत ‘दिद्द’ म्हणजे विरुद्ध असलेले, प्रतिपक्ष. ज्या ‘दाद’ या अक्षरावरून अरबी ही ‘दादची भाषा’ म्हणवली जाते, त्याच अक्षराने हा शब्द सुरू होतो. फारसीत त्या अक्षराचा उच्चार ‘ज़’ झाला, मराठीत ‘ज’. हिंदी-उर्दूतील ‘ज़िद’ बहुधा हेकटपणाची तक्रार असते. मराठीने त्या दोषासाठी ‘हट्ट’ आणि ‘हेका’ राखून ठेवले व ‘जिद्दी’ला मानाचे पान दिले. म्हणूनच ‘जिद्दी मुलगी’चे हिंदीत ‘ज़िद्दी लड़की’ करणारा अनुवादक शब्द तोच ठेवतो आणि अर्थ मात्र फिरवतो.

भाषाशुद्धीच्या अभिमान्यांना अशा शब्दांचे परकेपण खुपते. १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव ज्यूलियन हेही पुढे त्या चळवळीचे पुरस्कर्ते झाले. पण ‘जिद्दी’च्या जागी बसवायचे काय? ‘निर्धार’ एकट्याचा असतो. त्याला प्रतिपक्ष लागत नाही. ‘विजिगीषा’ म्हणजे जिंकण्याची इच्छा. कौटिल्याचा विजिगीषू हा राज्यविस्तार इच्छिणारा राजा आहे. दुसऱ्याला जिंकू पाहणे वेगळे आणि स्वतः जिंकले न जाणे वेगळे. हा भेद ज्याला कळत नाही, त्याने शब्दांच्या कुळाची चौकशी करू नये.

शुद्धिवाद्यांहून अधिक हानी मात्र आजचे स्तुतिपाठक करीत आहेत. परीक्षांचे निकाल लागले की दिव्याखाली अभ्यास केलेल्या मुलाच्या ‘जिद्दी’चे पोवाडे गाइले जातात. त्याच्या घरी वीज का नव्हती, हे कोणी विचारत नाही. प्रतिपक्ष अदृश्य झाला की जिद्द हा केवळ स्वभावगुण ठरतो, आणि जो मागे पडला त्याच्या अंगी ती नव्हती, असे म्हणायला आपण मोकळे होतो.

मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केले, पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या तळ्याचे पाणी प्याले, तेव्हा परतणाऱ्यांवर हल्ले झाले. तळ्याचे शुद्धीकरणही करण्यात आले. उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. या दहा वर्षांना जिद्द म्हणायचे, तर ती कोणाविरुद्ध होती हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. ते न सांगता केलेला गौरव हा प्रतिपक्षाला दिलेला आश्रय होय.

‘जिद्दीला पेटणे’ हा वाक्प्रचार ते मूळ अजून विसरलेला नाही. माणूस आपोआप पेटत नाही. कोणीतरी त्याची वाट अडवलेली असते. शब्दाचा उगम हा अर्थावरचा हुकूम नव्हे, हे खरेच. तसे असते तर मराठीला ‘जिद्द’ उजळता आली नसती. पण येथे उगम हाच अर्थाचा कणा आहे. यापुढे ‘जिद्द’ लिहिणाऱ्या प्रत्येकाने पुढच्याच वाक्यात तिच्या प्रतिपक्षाचे नाव लिहावे. ते लिहिण्याचे धैर्य नसेल, तर हा शब्द वापरू नये.