मिठाच्या बादलीची भक्ती

आजचा विषय खारट आहे. घरात समुद्री मासे आणि प्रवाळ पाळणाऱ्यांची एक वेगळीच जमात असते. पुण्या-मुंबईत, बंगळूरला आपल्या आयटीवाल्यांत ती बरीच सापडते. (मीही त्यातलाच, आधीच सांगून टाकतो.) या जमातीत सर्वात जास्त भांडणं कशावरून होत असतील? माशांवरून नाही, दिव्यांवरून नाही. मिठावरून! कुठल्या कंपनीची बादली घ्यायची, साधी की 'रीफ', 'रीफ' की 'प्रो'. विंडोज विरुद्ध लिनक्सपेक्षा कडवट वाद मी इथे ऐकलेत.

माझं म्हणणं सरळ आहे: हा वाद निरर्थक आहे. नुसता निरर्थक असता तर सोडून दिला असता. पण त्यात लोकांचे पैसे जातायत आणि ज्या गोष्टींवर खरंच लक्ष द्यायला हवं त्या राहून जातायत.

हे लिहायला निमित्त झालं माझ्या मावसभावाचं. तो हिंगोलीला असतो. गोड्या पाण्याचे मासे पाळून पाळून आता त्याला २०० लिटरचा समुद्र करायचाय. एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने त्याला सांगितलं, 'प्रो' मीठच घ्या, साध्यात कोरल जगत नाही. किंमत साध्याच्या पावणेदोनपट. त्याचा फोन आला, "दादा, घेऊ का?" मी म्हटलं, थांब, आधी हिशोब करू.

मुळात समुद्राचं पाणी म्हणजे काय? एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. त्यात क्लोराइड १९ ग्रॅमच्या वर, सोडियम पावणेअकरा, सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ च्या आसपास. आणि गंमत म्हणजे जगात कुठलाही समुद्र घ्या, खारटपणा कमीजास्त होतो पण या मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण जवळपास तेच राहतं. १८७२ ते १८७६ दरम्यान चॅलेंजर नावाचं जहाज जगभर फिरून पाण्याचे नमुने घेऊन आलं. त्यातले ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ मध्ये हे पक्कं केलं. १९४० मध्ये लायमन आणि फ्लेमिंग यांनी कृत्रिम समुद्रजलाची पाककृतीच छापली: साधं मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड, सोडियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, खायचा सोडा आणि आणखी काही चिमटीभर पदार्थ.

म्हणजे सोर्स कोड १९४० पासून ओपन आहे! बादलीत कुठलंही गुपित नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी अ‍ॅटकिन्सन आणि बिंगमन या दोघांनी बाजारातली मिठं तपासली, तेव्हा मुख्य क्षार बहुतेकांत समुद्राच्या जवळपासच निघाले. फरक होता तो सूक्ष्म धातूंमध्ये, आणि ते समुद्रापेक्षा कमी नव्हे, बऱ्याच मिठांत कितीतरी जास्त होते. आणि आपण 'भरपूर ट्रेस एलिमेंट्स' असं लेबल वाचून खूश होतो. असो.

आता 'प्रो' मिठात काय जास्त असतं ते बघू. ढोबळमानाने, कॅल्शियम ४१० ऐवजी ४५० मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि अल्कलिनिटी (म्हणजे पाण्यातली बायकार्बोनेटची शिल्लक) ८ ऐवजी १२ डीकेएच. दगडी प्रवाळ या दोन गोष्टी वापरून सांगाडा बांधतात, म्हणून त्या जास्त हव्यात, असा युक्तिवाद. ऐकायला झकास!

पण बहुतेक जण आठवड्याला १० टक्के पाणी बदलतात. ८ डीकेएचच्या टँकमध्ये १२ चं १० टक्के पाणी घातलं तर टँक जातो ८.४ वर. आठवड्याला फक्त ०.४ ची भर. कॅल्शियम वाढतं ४ मिलिग्रॅमने, जे आपल्या घरगुती टेस्ट किटला धड दिसतही नाही. आणि दगडी प्रवाळांनी भरलेला टँक एका दिवसात एक डीकेएच सहज खाऊ शकतो. आठवड्याला सात जातात आणि तुम्ही ०.४ परत देताय!

म्हणजे दोनच शक्यता उरतात. एक, तुमच्याकडे दगडी प्रवाळ भरपूर आहेत. मग कॅल्शियम क्लोराइड आणि सोड्याचे डोस रोज द्यावेच लागणार, मीठ कुठलंही घ्या. दोन, तुमच्याकडे ते नाहीत. मग जास्तीचं कॅल्शियम खायला कोणीच नाही. दोन्हीकडे पावणेदोनपट पैसे कशासाठी दिले हे दुकानदारालाच ठाऊक. "पहिल्यांदा टँक भरताना तरी फरक पडतो ना?" पडतो. पण तो एकदाच, आणि चमचाभर सोडा नि थोडं कॅल्शियम क्लोराइड घालून भरून काढता येतो.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. स्वस्त मिठात अमोनिया, फॉस्फेट निघू शकतं, एक बॅच एक तर दुसरी भलतीच, बादली दमट होऊन गोळे झालेले. बरोबर. पण मग मागायचं काय? ब्रँड नाही, बॅचचे आकडे मागा. काही कंपन्या ते देतात, चांगली गोष्ट आहे. जी कंपनी आकडे देत नाही तिचं मीठ सोन्याच्या बादलीत आलं तरी एक लिटर पाण्यात विरघळवा आणि स्वतः तपासा. आपण कोड टेस्ट न करता प्रॉडक्शनला टाकत नाही, मग इथेच श्रद्धा का आडवी येते?

आता हिंगोलीकडे येऊ, कारण खरा मुद्दा तिथे आहे. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उभं राहिलं ते मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोर. तिथल्या माणसाने पाण्याचा विचार वेगळा केला तर समजू शकतं. हिंगोली समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, काळ्या बेसॉल्टवर. इथे तुमचा समुद्र म्हणजे बादलीतलं मीठ अधिक नळाचं किंवा बोअरचं पाणी. आणि त्यातला मोठा वाटा पाण्याचा आहे ना? एक किलो समुद्रात ३५ ग्रॅम मीठ नि ९६५ ग्रॅम पाणी. चर्चा सगळी ३५ ग्रॅमची!

खताच्या शेतातून झिरपलेल्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट असतं. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. म्हणजे मर्यादेवरचं पाणी माणसाला चालतं. टँकचं बघा. आठवड्याला २० लिटर बदलायचं. शिवाय मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दिवसाला ३ लिटर सहज उडून जातं, तेवढं गोडं पाणी रोज वर घालायचं (मीठ उडत नाही, पाणीच उडतं). एकूण ४१ लिटर. ४५ च्या हिशोबाने २०० लिटरच्या टँकमध्ये दर आठवड्याला ९ मिलिग्रॅम नायट्रेटची भर. प्रवाळवाले एकूण नायट्रेट १० च्या आत ठेवायला धडपडतात! अशा पाण्यात जगातलं सर्वोत्तम मीठ घाला, शेवाळंच पिकणार.

"घरात आरओ आहे की!" आहे, पण बऱ्याच घरगुती आरओला टीडीएस कंट्रोलर नावाचा नॉब असतो. चव यावी म्हणून तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. तो बंद करावा लागतो, आणि पुढे डीआय रेझिनचा एक डबा लावावा लागतो, म्हणजे टीडीएस शून्यावर येतो. पावणेदोनपट मिठाचे पैसे वाचवले तर हा डबा त्यातच येईल.

आणि आरओ एक लिटर देताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. ४१ लिटरसाठी आठवड्याला १२० लिटरच्या वर. ज्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघणारी गावं आहेत, तिथे हे पाणी मोरीत सोडून देणं मला तरी पटत नाही. ते पिंपात साठवा. फरशी पुसायला, भांडी-धुण्याला चालतं. छंद आपला आहे, त्याचं बिल गल्लीने का भरायचं?

आणि सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न: बदललेलं खारं पाणी जातं कुठे? आठवड्याला २० लिटर म्हणजे ७०० ग्रॅम मीठ. वर्षाला ३६ किलो! मावसभावाच्या मागच्या अंगणात हळदीचा छोटा वाफा आहे, कडेला जुना आड. त्याचा बेत होता की पाणी तिथेच ओतायचं, "समुद्राचं आहे, खनिजं मिळतील." इथे मात्र मी आवाज चढवला. काळ्या मातीत सोडियम गेलं की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही, वर पापुद्रा धरतो. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला खारपाणपट्टा पाहिलेल्या शेतकऱ्याला विचारा, खारी जमीन आणि खारं भूजल म्हणजे काय. तिथे ते निसर्गाने केलंय, आपण हौसेने अंगणात करायला निघालोय. उपाय सोपा आहे. हिंगोलीत ऊन फुकट मिळतं. गच्चीवर पसरट ट्रेमध्ये वाळवा, उरलेलं मीठ कचऱ्यात द्या. पावसाळ्यात बंद गटारात, भरपूर पाण्याबरोबर. मातीत नाही, आडात तर मुळीच नाही.

कोणी म्हणेल, लोणारचं सरोवर फार लांब नाही, खारं पाणी तिथून आणलं तर? नको! ते पाणी खारं आहे पण समुद्राचं नाही, सोड्याचं आहे, पीएच १० च्या आसपास. आणि सरोवर संरक्षित आहे. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: खारटपणा म्हणजे समुद्र नव्हे. म्हणूनच स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठही चालत नाही. मीठ चांगलं हवं हे मी नाकारतच नाही. 'चांगलं' आणि 'महाग' यांच्यात बरोबरचं चिन्ह टाकू नका, एवढंच.

आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप, ती प्रवाळं? आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे कागदावर वाघाच्या पंगतीत. मालवणच्या खडकांवरून किंवा कुठल्याही बेटावरून काढलेला तुकडा 'लाइव्ह रॉक' म्हणून विकत घेणं हा गुन्हा आहे. दुकानदार मिठाबद्दल तासभर बोलतो, पण "हा तुकडा आला कुठून?" विचारलं की त्याला अचानक दुसरं गिऱ्हाईक दिसतं. हा प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. न विचारता 'रीफ ग्रेड' मीठ घेणारा माणूस मला निसर्गप्रेमी वाटत नाही, माफ करा.

मावसभावाला मी क्रम लिहून पाठवला. आधी डीआयचा डबा आणि टीडीएस मीटर. मग रिफ्रॅक्टोमीटर, कारण विशिष्ट गुरुत्व १.०२६ राखणं हे कुठल्याही ब्रँडपेक्षा महत्त्वाचं. मग मे महिन्यातली ४२ अंशांची दुपार आणि लोडशेडिंग यांचा बंदोबस्त: पंखा, इन्व्हर्टर, बॅटरीवरचा एअर पंप. मग खारं पाणी वाळवायचे ट्रे. आणि शेवटी मीठ: साधं, ताज्या बॅचचं, घट्ट झाकणाचं. मिसळताना पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी नाही, नाहीतर कॅल्शियम पांढरा साका होऊन तळाशी बसतं.

त्याचं उत्तर आलं, "दादा, यात तर मीठच सगळ्यात स्वस्त निघालं." अगदी बरोबर. सध्या तो फक्त मासे ठेवणार आहे, त्यातही टँकमध्ये वाढवलेले क्लाउनफिश, आणि कोरलचं पुढच्या वर्षी बघू म्हणतोय. दुकानदार नाराज झालाय म्हणे. होऊ दे.